खुलासा : फवारलेले एन्झाइम आणि वेलीतील आरएनए

पानांवर एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) फवारल्यास पेशींतील आरएनए (डीएनएवरून उतरवलेली प्रत) वाढून घड फुगतात, असा संदेश तासगाव-पलूस भागातील द्राक्षबागायतदारांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. आरएनए घडवणारी पेशीकेंद्रकातील एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज; ती अनेक प्रथिनांची मोठी जुळणी असून केंद्रकातच काम करतात. पानावरचा मेणचट थर आणि पेशीभित्तिका ओलांडून बाटलीतले एन्झाइम तिथवर पोहोचत नाही. शिवाय केंद्रकातील 5 पॉलिमरेजपैकी चौथे आणि पाचवे, जी फक्त वनस्पतींतच आढळतात, असे आरएनए तयार करतात की ज्यांच्यामुळे डीएनएवर मिथाइल गट (छोटी रासायनिक खूण) बसून काही जनुके गप्प होतात, म्हणजे त्यांचे काम थांबते. तेव्हा आरएनए वाढला की वाढ होते, हे गणितच फसवे आहे. फुगवणीसाठी वापरतात ते जिबरेलिक ॲसिड संप्रेरक आहे, एन्झाइम नव्हे. घोळ बहुधा इथेच झाला असावा.