ट्रम्प यांची तुलना जॅक्सन यांच्याशी करताना १८२४ हे साल का गाळले जाते?

डोनाल्ड ट्रम्प यांच्याविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात दोन टोकांची मते वारंवार वाचायला मिळतात. एक मत असे की, असा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेच्या इतिहासात कधी झालाच नाही. दुसरे मत असे की, यात नवीन काहीच नाही. १८२९ ते १८३७ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्यापासून अमेरिकेने असे दांडगे, जनतेचा कैवार घेणारे नेते पाहिले आहेत आणि तो देश त्यातून सावरलाही आहे. पहिल्या मताला इतिहासाचा आधार नाही, हे थोडे वाचले तरी कळते. दुसरे मत अधिक अभ्यासू वाटते आणि म्हणूनच मला ते अधिक धोक्याचे वाटते, कारण ते अर्धा इतिहास सांगून थांबते.

ही तुलना केवळ अभ्यासकांची नाही, स्वतः ट्रम्प यांनीही ती आपलीशी केली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०१७ साली सत्तेवर येताच त्यांनी आपल्या कार्यालयात जॅक्सन यांचे तैलचित्र लावले आणि १५ मार्च २०१७ रोजी, जॅक्सन यांच्या २५० व्या जन्मदिनी, नॅशव्हिलजवळच्या ‘हर्मिटेज’ या त्यांच्या निवासस्थानी जाऊन समाधीवर पुष्पचक्र वाहिले. आपण कोणत्या परंपरेत बसतो, हे त्यांनी जगाला स्वतःहून सांगितले आहे. तेव्हा ती परंपरा नीट तपासणे हा त्यांच्यावर अन्याय ठरत नाही.

साम्य आहे आणि ते वरवरचे नाही. जॅक्सन यांच्या आधीचे सहा राष्ट्राध्यक्ष म्हणजे व्हर्जिनियातील चार जमीनदार आणि मॅसेच्युसेट्सच्या अ‍ॅडम्स घराण्यातील पिता-पुत्र. या वर्तुळाबाहेरून आलेले, पोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपलेले, इंग्रजांविरुद्धच्या १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईने देशभर नावाजलेले जॅक्सन हे पहिले. ते स्वतः गुलाम बाळगणारे श्रीमंत जमीनदार झाले होते, तरी सामान्य गोऱ्या शेतकऱ्याला ते आपले वाटत. १८३२ साली त्यांनी राष्ट्रीय बँकेची सनद वाढवणारे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले आणि श्रीमंत व बलाढ्य लोक सरकारला आपल्या स्वार्थासाठी वाकवतात, असे त्या खलित्यात स्पष्ट लिहिले. पुढल्या वर्षी सरकारी ठेवी त्या बँकेतून काढण्यास अर्थमंत्री विल्यम डुएन यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना काढून त्यांच्या जागी रॉजर टॉनी यांना आणले. १८३४ मध्ये सिनेटने त्यांच्या निषेधाचा ठराव केला, तर १८३७ मध्ये सिनेटमध्ये बहुमत आलेल्या त्यांच्या समर्थकांनी तो कामकाजाच्या नोंदीतून रद्द करून घेतला. सरकारी नोकऱ्यांत आपली माणसे बसवण्याची प्रथा त्यांनी उघडपणे चालवली.

याहून काळे प्रकरण आदिवासींचे आहे. २८ मे १८३० रोजी जॅक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने आग्नेय अमेरिकेतील आदिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हुसकावण्याचा मार्ग मोकळा झाला. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी राष्ट्राच्या बाजूने निकाल देऊन जॉर्जिया राज्याचे कायदे त्यांच्या भूमीवर चालणार नाहीत असे सांगितले. जॅक्सन यांनी त्या निकालाला बळ मिळेल असे काहीही केले नाही. त्यांची कारकीर्द संपल्यानंतर, १८३८-३९ मध्ये, सुमारे १६ हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात घराबाहेर काढण्यात आले आणि त्यांतील अंदाजे ४ हजार माणसे त्या हालअपेष्टांत मेली. राष्ट्राध्यक्षाने किती माणसांचे आयुष्य उद्ध्वस्त केले, एवढीच कसोटी लावायची तर जॅक्सन यांच्या नावावर जे आहे ते ट्रम्प यांच्या नावावर नाही. हे मान्य न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो १८२४ मध्ये आहे आणि जॅक्सन यांचे नाव घेणारे नेमके तेच साल गाळतात.

१८२४ च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. निर्वाचक मते, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याराज्यांच्या निर्वाचकांची मते, मोजली गेली तेव्हा जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ मते पडली होती. जनतेच्या मतांतही जॅक्सनच पुढे होते. मात्र स्पष्ट बहुमतासाठी १३१ मते हवी होती आणि ती कोणालाच नव्हती. अशा वेळी राज्यघटनेप्रमाणे पहिल्या तिघांतून प्रतिनिधीगृह निवड करते आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. क्ले चौथे असल्याने शर्यतीतून बाद झाले होते, पण ते त्या सभागृहाचे सभापती होते. त्यांनी आपले वजन अ‍ॅडम्स यांच्या पारड्यात टाकले. केंटकी या क्ले यांच्या राज्यात अ‍ॅडम्स यांना जनतेचे एकही मत पडले नव्हते आणि तेथील विधिमंडळाने जॅक्सन यांना मत देण्याची सूचना केली होती, तरी त्या राज्याचे मत अ‍ॅडम्स यांना गेले. ९ फेब्रुवारी १८२५ रोजी पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्ये मिळवून अ‍ॅडम्स निवडून आले आणि काही दिवसांतच त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्रिपद देऊ केले.

जॅक्सन यांची तक्रार कल्पनेतली नव्हती, हे यावरून दिसते. सर्वाधिक मते मिळवूनही ते हरले होते आणि त्यांना हरवणाऱ्याला मोठे पद मिळाले होते. शिवाय ते देशातील सर्वांत लोकप्रिय सेनानी होते, द्वंद्वयुद्धात माणूस मारलेले होते आणि त्यांच्या एका हाकेवर टेनेसीतील हजारो बंदुका गोळा झाल्या असत्या, असे मानायला जागा आहे. ते संतापले, पत्रांतून क्ले यांना त्यांनी येशूचा विश्वासघात करणाऱ्या जूडासची उपमा दिली, हा भ्रष्ट सौदा आहे असा घोष त्यांच्या बाजूने चार वर्षे चालला. पण निवड झाली त्याच संध्याकाळी मावळते राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्याकडील समारंभात त्यांनी अ‍ॅडम्स यांना भेटून अभिनंदन केले. नंतर सिनेटचा राजीनामा देऊन ते टेनेसीला परतले. मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्यासारख्या संघटकांनी राज्याराज्यांत समित्या उभ्या केल्या, वर्तमानपत्रे हाताशी धरली आणि १८२८ साली मतदान करणाऱ्यांची संख्या आधीच्या तिपटीहून अधिक झाली. जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ मतांनी जिंकले. आजचा डेमोक्रॅटिक पक्ष त्या चार वर्षांच्या खटपटीतून जन्मला. ज्या निकालाला ते मनापासून अन्याय्य मानत होते, त्याचे उत्तर त्यांनी पुढच्या निवडणुकीत शोधले, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या सबंध कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

याच्याशेजारी २०२० ठेवून पाहा. जो बायडेन यांना ३०६ निर्वाचक मते होती, ट्रम्प यांना २३२. जनतेच्या मतांतही बायडेन ७० लाखांनी पुढे होते. तक्रारीला १८२५ सारखा कोणताही आधार नव्हता. ट्रम्प आणि त्यांच्या पाठीराख्यांनी ६० हून अधिक खटले भरले, त्यांतून निकाल बदलेल असे काहीही हाती लागले नाही, आणि ते फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीशही होते. जॉर्जियात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या. त्यांचेच महान्यायवादी विल्यम बार यांनी निकाल फिरवण्याएवढा गैरप्रकार आढळला नाही, असे १ डिसेंबरला सांगितले. एवढे झाल्यावरही २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जियाचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते ‘शोधण्याची’ अपेक्षा व्यक्त केली. चार दिवसांनी त्यांच्या समर्थकांचा जमाव मतमोजणी थांबवण्यासाठी संसद भवनात घुसला. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा सत्तेवर येताच त्यांनी त्या प्रकरणातील सुमारे १,५०० जणांना माफी दिली.

ट्रम्प बायडेन यांच्या शपथविधीला गैरहजर राहिले, हा माझा मुद्दा नाही. १८०१ मध्ये थोरले अ‍ॅडम्स, १८२९ मध्ये धाकटे अ‍ॅडम्स आणि १८६९ मध्ये अँड्र्यू जॉन्सन हेही उत्तराधिकाऱ्याच्या शपथविधीला थांबले नव्हते. राग प्रत्येकाला येतो. पण निकाल मान्य करणे आणि निकाल आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकेची व्यवस्था पहिल्या गोष्टीवर उभी आहे. १८६४ च्या ऑगस्टमध्ये, ऐन यादवी युद्धात, आपण निवडणूक हरणार अशी लिंकन यांची खात्री झाली होती. त्यांनी एका कागदावर लिहून ठेवले की, तसे झाल्यास नव्या राष्ट्राध्यक्षाशी सहकार्य करून तो पदावर येईपर्यंत देश वाचवण्याची धडपड करणे हे आपले कर्तव्य राहील, आणि मजकूर न दाखवताच त्या कागदावर मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. लाखो माणसे मेलेल्या त्या युद्धात निवडणूक पुढे ढकलण्याला लिंकन यांच्याइतके सबळ कारण दुसऱ्या कोणाला मिळाले असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी ते वापरले नाही.

मधे खंड पडून दोनदा निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आजवर दोनच, ट्रम्प आणि ग्रोव्हर क्लीव्हलँड. १८८८ मध्ये क्लीव्हलँड यांना जनतेची मते अधिक मिळूनही ते निर्वाचक मतांत हरले. ४ मार्च १८८९ रोजी भर पावसात बेंजामिन हॅरिसन शपथ घेत असताना त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते ते हेच क्लीव्हलँड. चार वर्षांनी त्यांनी हॅरिसन यांना हरवले.

दुसऱ्या कारकिर्दीत ट्रम्प जॅक्सन यांच्यापेक्षा १८९७ ते १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेल्या विल्यम मॅकिन्ले यांचे नाव अधिक घेतात, आयातशुल्कामुळे. येथेही अर्धाच इतिहास सांगितला जातो. १८९० चा मॅकिन्ले शुल्क कायदा संसदेने चर्चा करून मंजूर केला होता. त्यानंतरच्याच निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहातले बहुमत गमावले आणि खुद्द मॅकिन्ले यांची जागा गेली, त्यात मतदारसंघाच्या फेररचनेचाही हात होता. १९०१ च्या सप्टेंबरात, गोळी लागण्याच्या आदल्या दिवशी, बफलो येथील भाषणात त्यांनी व्यापारी युद्धे फायद्याची नसतात असे सांगून परस्पर सवलतींच्या करारांचा पुरस्कार केला होता. आणखी एक गोष्ट अशी की, १८९६ मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून लढणारे होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन, आणि त्यांना मोठ्या उद्योगांच्या पैशाच्या जोरावर हरवणारे होते मॅकिन्ले. २०२५ ची शुल्के मात्र संसदेतून आली नाहीत. १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन त्यांतली बरीचशी एका सहीने लादली गेली. २७ ऑगस्ट २०२५ पासून अनेक भारतीय वस्तूंवर एकूण ५० टक्के शुल्क लागू झाले, तेव्हा सोलापूरचे टॉवेल आणि मुंबईचे दागिने अमेरिकेला पाठवणाऱ्यांना या घटनात्मक प्रश्नाची झळ लागली.

ट्रम्प यांच्या मतदारांना मूर्ख किंवा द्वेष्टे ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील कारखाने बंद पडले, गावे ओस पडली आणि दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी वर्षानुवर्षे तिकडे लक्ष दिले नाही, हे खरे आहे. २०२४ ची निवडणूक ट्रम्प यांनी ३१२ विरुद्ध २२६ मतांनी स्वच्छपणे जिंकली. जनतेच्या मनातले गाऱ्हाणे बोलून दाखवणारा नेता लोकशाहीला हवाच असतो. प्रश्न एवढाच आहे की, ‘नाही’ हे उत्तर मिळाल्यावर तो नेता काय करतो आणि त्याच्या पक्षातले लोक काय करतात.

या शेवटच्या बाबीत मला खरी चिंता वाटते. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्ये जिंकलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायाधीश वाढवण्याचा घाट घातला. सिनेटमध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक जागा त्यांच्या पक्षाच्या होत्या, तरी त्याच सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी ते विधेयक समितीकडे परत पाठवून संपवले. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफिती देण्याचा आदेश निक्सन यांना ज्या न्यायालयाने एकमताने दिला, त्याचे सरन्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले होते. आणि ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट व जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे नेते त्यांना भेटून संसदेत पाठिंबा उरला नाही असे सांगून आले. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. २०२१ मध्ये ट्रम्प यांचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स आणि रॅफेन्सपर्गर यांनी तसेच धैर्य दाखवले. पण ६ जानेवारीच्या त्याच रात्री, सभागृहाच्या फुटलेल्या काचा अजून तशाच असताना, संसदेतील १४७ रिपब्लिकन सदस्यांनी निकालावर आक्षेप घेणारी मते दिली, आणि १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवण्यासाठी लागणाऱ्या ६७ मतांऐवजी ५७ मते पडली, त्यांत रिपब्लिकन सात होते.

६ जानेवारी २०२५ रोजी तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी त्याच सभागृहात अध्यक्षस्थानी बसून स्वतःच्या पराभवाचे आकडे वाचून दाखवले, जसे निक्सन यांनी १९६१ मध्ये आणि अल गोर यांनी २००१ मध्ये वाचले होते. ट्रम्प यांना जॅक्सन यांचे वारस म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी बँकेविरुद्धच्या लढाईबरोबर १८२५ ते १८२८ या चार वर्षांचाही उल्लेख करावा, आणि त्या वर्षांशी जुळणारे ट्रम्प यांच्या आयुष्यात काय आहे, ते मला दाखवून द्यावे.