चोराला ताटकळत ठेवू नये

परवा न्यू जर्सीतल्या एडिसनला एका घरी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा खाता खाता एक गृहस्थ सहज बोलून गेले, "आम्ही दोघांनीही क्रेडिट फ्रीझ करून ठेवलंय." सगळ्यांचे चमचे थांबले. "का हो? काही झालं का?" एका वहिनींनी हलक्या आवाजात विचारलं. "छे, काही झालं नाही. होऊ नये म्हणून." यावर कोण काय बोलणार? विषय शाळांच्या रेटिंगवर गेला आणि ते गृहस्थ दुसऱ्यांदा शिरा घ्यायला एकटेच उठले.

तुमच्यावर असा प्रसंग येऊ नये म्हणून हे चार शब्द.

आधी ही भानगड काय ते समजून घ्या, म्हणजे टाळता येईल. अमेरिकेत तुमच्या नावावर कुणी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड मागितलं, की देणारा आधी तुमची पत्रिका, म्हणजे आजवरच्या उधारी-फेडीचा अहवाल, बघतो. ही पत्रिका इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तीन ज्योतिषांकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोंकडे, असते, आणि तिघांची गणितं जुळतीलच असं नाही. तुम्ही फ्रीझ केलंत की नव्या सावकाराला ती पत्रिका उघडता येत नाही. पत्रिका नाही, तर कर्ज नाही. मग मागणारे तुम्ही असा, नाहीतर तुमचं नाव लावून बसलेला दुसरा कुणी. बाकी काही बिघडत नाही. हातातली कार्डं चालतात, तुमच्या पतीचा स्कोअर (क्रेडिट स्कोअर) एका अंकानंही हलत नाही, तुमचा अहवाल तुम्हाला दिसतो. 21 सप्टेंबर 2018 पासून हे सगळं देशभर कायद्यानं फुकट आहे; त्याआधी बऱ्याच राज्यांत दर ब्युरोमागे पाच-दहा डॉलर मोजावे लागत. ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलंत तर कामकाजाच्या एका दिवसात कुलूप लागलं पाहिजे, आणि उघडा म्हणालात तर तासाभरात उघडलं पाहिजे.

फुकट, सोपं आणि उपयोगी. मराठी माणसाला संशय यायला एवढं पुरे.

शिवाय माणुसकी म्हणून काही आहे की नाही? त्या चोराच्या बाजूनं विचार करा. बिचाऱ्यानं कुठून कुठून तुमचं नाव, जन्मतारीख, जुना पत्ता आणि सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकेतला आधारसारखा, नऊ आकडी नंबर जमवला. रात्र रात्र जागला. आणि ऐन वेळी त्याला कळावं, की दाराला कुलूप आहे? आपल्याकडे भर दुपारी दारात आलेल्या सेल्समनलासुद्धा आधी पाणी विचारतात. आमच्या ओळखीतल्या एका दादांनी हा धर्म पाळला. त्यांच्या नावावर टेक्सासमध्ये कुणीतरी मोठा पिकअप ट्रक घेतला. दादा न्यू जर्सीत, ट्रक टेक्सासात, हप्त्याच्या नोटिसा मात्र बिनचूक घरी. दादांची गाडी बारा वर्षं जुनी. नावावर का होईना, आयुष्यात एकदा नवी कोरी गाडी आली. पुढे पोलिसात तक्रार, ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे अहवाल, तिन्ही ब्युरोंना पत्रं, त्या पत्रांना आलेली उत्तरं, त्या उत्तरांना पुन्हा पत्रं, असा व्याप वाढत गेला. दादांचं इंग्रजी सुधारलं ते तेव्हाच. फ्रीझ केलेलं असतं तर यातलं काय घडलं असतं? तासभर रिकामा मिळाला असता, तोही त्यांनी क्रिकेट बघण्यात घालवला असता.

आता सोशल सिक्युरिटी कार्ड. ते पाकिटातच ठेवा. रोज लागत नाही, वर्षातून एकदाही लागत नाही, पण पाकिटाला भारदस्तपणा येतो. याला इतिहासाचाही आधार आहे. 1938 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीनं, कार्ड पाकिटात कसं छान बसतं हे दाखवायला, प्रत्येक पाकिटात एक नमुन्याचं कार्ड घातलं. त्यावर नंबर छापला तो कंपनीतल्याच एका सेक्रेटरीबाईंचा, खराखुरा. कार्ड आकारानं लहान, छपाई लाल, वर 'नमुना' असं लिहिलेलं. तरीही पाकीट घेणाऱ्यांनी तो नंबर आपला समजून वापरायला घेतला. 1943 साली 5,755 लोक त्या एका बाईंच्या नंबरावर नोकऱ्या करत होते. सगळे मिळून आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. शेवटी बाईंनाच नवा नंबर द्यावा लागला. एकत्र कुटुंब म्हणतात ते हे! पुढे 1946 पासून 1972 पर्यंत कार्डावर स्पष्ट छापलेलं असे, की हे ओळख पटवण्यासाठी नाही. मग लोकांनी काय केलं? सगळीकडे ओळख पटवायला तेच मागितलं. 'येथे थुंकू नये' या पाटीखाली काय असतं हे आपल्याला माहीत असल्यामुळे यात नवल वाटायचं कारण नाही.

नंबर झाला, आता गुपितं. बँका वर्षानुवर्षं एक गुप्त प्रश्न विचारत आल्या आहेत: आईचं माहेरचं आडनाव काय? ज्यानं हा प्रश्न काढला तो कधी मराठी लग्नाला गेलेला नसणार. आपल्याकडे हे गुपित आठशे प्रतींत छापून, हळदकुंकू लावून, घरोघरी वाटायची पद्धत आहे. पत्रिकेत मामा असतात, आजोळ असतं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्लीसुद्धा असतात. वडिलांचं नाव गुप्त ठेवावं म्हटलं तर ते आपण स्वतःच्याच नावाच्या मध्यभागी घेऊन हिंडतो. राहिली जन्मतारीख. तिच्यासाठी महाराष्ट्र मंडळाचा गणपतीचा ऑनलाइन फॉर्म आहे. मोदकांचा अंदाज यावा म्हणून घरातल्या प्रत्येकाची पूर्ण जन्मतारीख मागतात, आणि आपण देतो. वर, तो तक्ता कुणालाही उघडता येतो.

भारतातल्या वाचकांनी फार हसू नये. आधारच्या झेरॉक्स किती हॉटेलांत, किती सोसायट्यांच्या रजिस्टरात आणि किती सिमकार्डवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलात, ते बोटांवर मोजून पाहा. आधारचे बायोमेट्रिक्स घरबसल्या लॉक करता येतात. पण तुम्हीही ते केलेलं नाही, म्हणजे आपण एकाच वर्गातले.

असो. फ्रीझवाले लोक तुम्हाला घाबरवायला 2017 ची गोष्ट सांगतील. त्यांच्या आधी मीच सांगतो. 1899 मध्ये अटलांटात दोन भावांनी एक कंपनी काढली, रिटेल क्रेडिट कंपनी. धंदा असा, की कोण उधारी फेडतो आणि कोण बुडवतो याची वही ठेवायची आणि माहिती विकायची. पुढे तिची माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून कोण पितो, कुणाचं घरात पटत नाही, हेही टिपून ठेवू लागली. आपल्या चाळीत ही सेवा नळावर विनामूल्य मिळत असे. अमेरिकेत तिची कंपनी झाली. फार ओरड झाली तेव्हा 1970 मध्ये कायदा आला, 1975 मध्ये कंपनीनं नाव बदललं, आणि ती इक्विफॅक्स झाली.

तर या इक्विफॅक्सच्या एका सॉफ्टवेअरला भोक होतं. बुजवायचं ठिगळ मार्च 2017 मध्येच आलेलं. ते लावायचं राहिलं. होतं असं, आपल्याही घरात गळका नळ असतोच. मे महिन्यात चोर शिरले आणि 76 दिवस राहिले. एवढे दिवस तर जावईसुद्धा राहत नाही. 29 जुलैला कंपनीला पत्ता लागला. 7 सप्टेंबरला तिनं लोकांना सांगितलं. सुमारे 14 कोटी 70 लाख माणसांची माहिती गेली होती. मदतीसाठी कंपनीनं वेगळी वेबसाइट काढली, आणि कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून लोकांना काही वेळा भलत्याच, तोतया वेबसाइटचा पत्ता दिला गेला. ती एका प्रोग्रॅमरनं, असं नाव किती सहज नकलता येतं हे दाखवायला बनवली होती, म्हणून निभावलं. घाबरून जे फ्रीझ करायला धावले त्यांना कुलपाचा गुप्त पिन मिळाला. तो पिन म्हणजे त्यांनी फ्रीझ केलं त्या क्षणाची तारीख आणि वेळ. मुहूर्ताला इतकं महत्त्व देणारी कंपनी परदेशात दुसरी नसेल.

आता तुम्ही म्हणाल, मी यांना माझी माहिती कधी दिली? नाही दिली. बँकांनी दिली. लासलगावच्या लिलावात कांद्याला कोणी विचारतं का, बाबा रे तुला कुणाच्या ट्रकात बसायचंय? आणि कुलूप लावायची जबाबदारी कांद्याची, यातही काही चुकीचं नाही.

नुकसानभरपाईचं म्हणाल तर तीही मिळाली. 2019 मध्ये 70 कोटी डॉलरपर्यंतचा समझोता झाला. ज्यांच्याकडे क्रेडिट देखरेख आधीच आहे आणि ही फुकटची नको त्यांना 125 डॉलर रोख, असं जाहीर झालं. लोकांनी उत्साहानं अर्ज भरले. मग कळलं, की या रोख रकमेसाठी बाजूला काढलेले आहेत 3 कोटी 10 लाख डॉलर. भागाकार करा: पूर्ण 125 डॉलर अडीच लाख माणसांनाही पुरत नाहीत. थोड्याच दिवसांत सरकारनं सुचवलं, की रोख रक्कम अगदीच किरकोळ येईल, देखरेखच घ्या. देखरेख म्हणजे काय? चोरी झाल्यावर तुम्हाला ईमेल येतो. गुरखा शिट्टी वाजवत जातो, त्यातलाच प्रकार, फक्त शिट्टी चोर गेल्यावर.

पैसे खर्च केल्याशिवाय सुरक्षित वाटत नसेल, तर तेही शक्य आहे. लाइफलॉक नावाच्या कंपनीच्या प्रमुखानं जाहिरातीत स्वतःचा खरा सोशल सिक्युरिटी नंबर छापून दाखवला होता, की बघा, आमच्या सेवेवर माझा किती विश्वास. त्यानंतर त्याची ओळख 13 वेळा वापरली गेल्याचं बाहेर आलं. 2010 मध्ये फसव्या दाव्यांबद्दल कंपनीनं 1 कोटी 20 लाख डॉलर भरले. 2015 मध्ये, तेव्हा घातलेल्या अटी मोडल्याच्या आरोपावरून, आणखी 10 कोटी. विश्वास महाग असतो. आणि ब्युरोंच्या साइटवर फ्रीझचं बटण शोधायला गेलात, तर वाटेत 'लॉक' नावाची दर महिन्याला पैसे घेणारी एखादी चकचकीत वस्तू भेटेल. तीच घ्या. फुकटच्या वस्तूला किंमत नसते.

एवढं सांगूनही घरातल्या कुणी हट्टच धरला, तर निदान तीनपैकी एकाच ब्युरोत फ्रीझ करा. उरलेली दोन दारं उघडी राहतील, आणि आपण काहीतरी केलं याचं समाधानही मिळेल. पासवर्ड फ्रिजवर चिकटवा. आणि वाद घालताना हा मुद्दा विसरू नका: फ्रीझनं सगळं थोडंच अडतं? हातातल्या कार्डाचा नंबर चोरीला गेला तर फ्रीझ काय करणार? तुमच्या नावानं कुणी टॅक्सचा रिफंड उचलला तर? त्यासाठी आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडून, वेगळा सहा आकडी पिन घ्यावा लागतो. गुडघा फुटायचा तो फुटणारच, मग हेल्मेट कशाला, हा युक्तिवाद पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला आहे. तो न्यू जर्सीतही टिकेल.

राहता राहिली मुलं. त्यांच्या बाबतीत मात्र मी गंभीर आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांचं क्रेडिट आईवडिलांना गोठवता येतं. चोराला लहान मूल फार आवडतं: नंबर कोरा, आणि पहिल्या कर्जाला हात घालेपर्यंत अठरा वर्षं कुणी बघायला येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या बाबांनी हे वाचलं आणि बारशाच्या आदल्या आठवड्यात तयारीला लागले. तेव्हा त्यांना कळलं, की बाळाची फाइलच नाहीये. गोठवायची म्हणून आधी ती उघडावी लागते. त्यासाठी बाळाचा जन्मदाखला, बाळाच्या सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत, बाबांचं ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, असं सगळं व्यवस्थित एका लिफाफ्यात घालून पोस्टानं पाठवायचं. तीन प्रती, तीन लिफाफे. त्यातला एक अटलांटाला, इक्विफॅक्सकडे.

तिकिटं आपली आपण लावायची.