भरपाईसाठी दोषी कशाला हवा?

हलगर्जीपणाने रुग्ण दगावला तर डॉक्टरला शिक्षा किती, यावर घरच्या फोनवर अजून वाद होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये इतरांना ५ वर्षांपर्यंत कैद, डॉक्टरांना २. दादरचे आमचे आतेभाऊ विचारतात, "एवढी सवलत का?" परळला प्रॅक्टिस करणारी मैत्रीण म्हणते, "तुरुंगाची भीती घातलीत तर अवघड केसला हात कोण लावणार?" दोघांचंही पटतं. पण ज्याला इजा झाली त्याचं पुढे काय, हे या भांडणात कुणीच विचारत नाही.

मी ऑकलंडला राहते. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातभरपाईची सरकारी योजना आहे. उपचारात इजा झाली तर भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावता येत नाही, आणि २००५ पासून चूक कुणाची हे सिद्धही करावं लागत नाही. इजा उपचारानेच झाली, ती मूळ आजाराचा भाग किंवा त्या उपचाराचा नेहमीचा परिणाम नव्हती, एवढं दिसलं पाहिजे. सलाइन लावताना सासूबाईंच्या हाताची नस दुखावली, तेव्हा अर्ज त्यांच्या डॉक्टरनेच भरला. काय झालं तेही त्यानेच लिहिलं. लपवून त्याला मिळणार काय होतं? जाब विचारायला आरोग्य आयुक्त वेगळे आहेत. अर्ज नामंजूर होतात, हेही खरं.

मुंबईत काय? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, पण सगळ्यांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालयं वगळली गेली; केसपेपरचे नाममात्र पैसे त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही, त्यालाच ते दार बंद. आणि उघड्या दारातून गेलेल्यांचं? उपचारातल्या निष्काळजीपणाने अनुराधा साहा १९९८ मध्ये गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने भरपाई ठरवली २०१३ मध्ये. त्यांचे पती तर स्वतः डॉक्टर, अमेरिकेत राहणारे. लालबागच्या चाळीतला माणूस इतकी वर्षं कशाच्या जोरावर लढणार? तो गप्प बसतो, नाहीतर कुणीतरी संतापून निवासी डॉक्टरवर हात उगारतं. ते मला कधीच मान्य होणार नाही, पण कायद्याचा धाक दाखवून तो संताप विझतही नाही.

घोर निष्काळजीपणाला फौजदारी कायदा राहू द्या. भरपाई मात्र त्यापासून सोडवा. महापालिकेने आपल्या केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत निधी उभारावा, हवं तर फक्त बाळंतपणातल्या इजांपासून सुरुवात करावी. आणि अर्ज वॉर्डातच, डिस्चार्ज कार्डाबरोबर, डॉक्टरच्या हस्ताक्षरात भरला जावा.