सोलकढी गुलाबी नाही म्हणून एक स्टार

परवा एका पाहुण्यांनी सोलकढीचा पेला उजेडात धरून बघितला. "पाणी घातलंय का हो? पुण्यात तर मस्त गुलाबी मिळते." म्हटलं, नारळाच्या दुधात नुसतं आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, घातलं की रंग असाच येतो, फिकट जांभळट. पटलं नाही. रात्री रिव्ह्यू आला, एक स्टार.

तारकर्लीजवळ आमच्या चार खोल्या आणि खानावळ. प्रामाणिकपणे धंदा करायचा म्हणजे दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं, हे सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, माशांच्या विणीचे दिवस. पण माणसं भर पावसात येतात ती सुरमईची थाळी मनात धरूनच. रस्त्यावरच्या पाट्यांवर 'ताजी सुरमई' बारा महिने असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, मग तिकडचा माल बर्फात घालून इकडे येतो. विकायला काहीच हरकत नाही. माझं भांडण फक्त 'ताजी' या शब्दाशी आहे! मी त्या दिवसांत कुळथाची पिठी, भाजलेला खारा बांगडा आणि टाकळ्याची भाजी वाढते. डोंबिवलीच्या एका आजोबांनी तीनदा पिठी मागून घेतली. बाकीचे बहुतेक मेनू विचारून गाडी वळवतात.

बारकी सुरमईही मी घेत नाही. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, पण मासेवाली मावशी काही पट्टी घेऊन फिरत नाही. परत पाठवलं की तिचं तोंड उतरतं. तिचंही पोट त्याच माशांच्या टोपलीवर आहे, हे कळतं मला.

टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर माणशी कमिशन मागतात. जेवण आणि अंथरूण मी फुकट देते, कमिशन नाही. ते द्यायचं तर थाळीतच वसूल करावं लागेल. आता त्या गाड्या दारावरून सरळ पुढे जातात.

आणि उगाच मोठेपणा नको: गेल्या पावसात स्वयंपाकघरातल्या दोघींना पूर्ण पगार देणं जमलं नाही, पाऊणच दिला. ते अजून डोक्यात आहे.

त्यातलीच एक काल म्हणाली, "वयनी, चिमूटभर रंग घालूक काय जाता?"

आज फळ्यावर खडूने लिहिलं, 'सोलकढी फिकटच मिळेल.' दुपारपर्यंत दोघांनी ते वाचून ताक मागवलं.