ओसिमेनची गरिबी पुरे, जरा शार्लरुआबद्दल बोला

नायजेरियाचा स्ट्रायकर व्हिक्टर ओसिमेन याचं नाव निघालं की तीच रील फिरायला लागते. लागोसमधला ओलुसोसुनचा कचरा डेपो, त्यात बूट शोधणारी पोरं, एका पायात एका कंपनीचा बूट तर दुसऱ्यात भलत्याच कंपनीचा. मग ट्रॅफिकमध्ये गाड्यांमागे पळत पाण्याच्या पिशव्या विकणं. मागे रडकं संगीत. सगळं खरं आहे, त्याने स्वतःच सांगितलंय. आई लहानपणीच गेली, वडिलांची नोकरी सुटली, भावंडांत हा शेंडेफळ. पण त्या डेपोवर त्याच्यासोबत बूट शोधणारी बाकीची पोरंही तेवढीच गरीब होती की! त्यांचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

पुढचा टप्पाही सगळ्यांना पाठ आहे. 2015, चिली, 17 वर्षांखालील वर्ल्ड कप. प्रशिक्षक इमॅन्युएल अमुनेके, जो स्वतः 1994 चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू. ओसिमेनचे 10 गोल, म्हणजे त्या स्पर्धेचा विक्रम. फायनलला मालीला 2-0 ने हरवून नायजेरिया विजेता. पोरगं 16 वर्षांचं. फिफाच्या नियमामुळे 18 पूर्ण होईपर्यंत त्याला युरोपातल्या क्लबकडे जाता येईना. 29 डिसेंबर 2016 ला 18 पूर्ण झाली आणि जानेवारीत तो जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गमध्ये दाखल झाला.

यानंतरचं दीड वर्ष कुठल्याच रीलमध्ये नसतं. मला विचाराल तर खरी गोष्ट तिथेच आहे.

बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, 14 सामने, गोल शून्य. आकडा बघून कुणीही म्हणेल, पोरगं फुसकं निघालं. पण त्या काळातलं वोल्फ्सबुर्ग बघा. सलग दोन मोसम हा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता प्लेऑफ खेळून वाचला. 2017-18 च्या एकाच मोसमात तीन कोच झाले. ज्याची स्वतःची खुर्ची डुगडुगतेय तो कोच नवख्या पोराला सलग दहा सामने कशाला देईल? शेवटची पंधरा मिनिटं उतरवायचं, तेही बऱ्याचदा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, आणि वर विचारायचं, गोल कुठेत? त्यात खांद्याची दुखापत. मग 2018 च्या उन्हाळ्यात मलेरिया. त्या अशक्तपणात बेल्जियममध्ये ट्रायल दिल्या आणि झुल्टे वारेगेम, क्लब ब्रुज या दोघांनीही नाही म्हटलं. वर्ल्ड कपचा विक्रमवीर, 19 वर्षांचा, आणि कुणाला नकोय!

शेवटी शार्लरुआने त्याला लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरतं उसनं, घेतलं. बेल्जियमचा मध्यम वकुबाचा क्लब, आपल्याकडच्या रात्रभर जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांनाही फारसा माहीत नसलेला. त्यांनी काय जादू केली? काही नाही. त्याला सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोलसमोर मधोमध, उभं केलं आणि खेळवत राहिले. मोसमात 20 गोल. मग त्याला विकत घेऊन 2019 ला फ्रान्सच्या लीलला विकलं, लीलने वर्षभरात इटलीच्या नापोलीला सुमारे 7 कोटी युरोंना. 2023 मध्ये नापोली 33 वर्षांनी इटलीचा चॅम्पियन झाला, ओसिमेनचे लीगमध्ये 26 गोल. ‘सेरी आ’ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये मोसमात सर्वाधिक गोल करणारा पहिला आफ्रिकन.

आता सुलेमान कुलिबाली आठवतोय का बघा. ओसिमेनच्या आधी 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमधल्या 9 गोलांच्या विक्रमात त्याचाही वाटा होता. आयव्हरी कोस्टच्या या पोराने 2011 मध्ये चारच सामन्यांत ते मारले होते. इंग्लंडच्या टॉटेनहॅमने लगेच उचललं, पण पहिल्या संघाकडून एकही सामना मिळाला नाही. पुढे या क्लबातून त्या क्लबात फिरत राहिला. 2015 च्या त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ओसिमेन नव्हे, नायजेरियाचा कॅप्टन केलेची न्वाकाली होता. त्याला आर्सेनलने घेतलं आणि लोनवर लोन देत राहिले. तोही आर्सेनलच्या पहिल्या संघात कधी उतरलाच नाही.

कुणी म्हणेल, 2013 च्या याच स्पर्धेत गाजलेला नायजेरियाचा इहेनाचो थेट मँचेस्टर सिटीत जाऊन चमकलाच की. मान्य. पण गॅब्रिएल जेझुस हा नवा स्ट्रायकर आल्यावर तोही बाकावर गेला आणि मग लेस्टरला. म्हणजे घोडं तिथेच अडतं, खेळायला मिळतंय का?

आम्हा कोल्हापूरकरांना हे कळायला हरकत नाही. आपल्या तालमींच्या संघांकडून खेळायला नायजेरियन पोरं येतात. शाहू स्टेडियमवर पहिल्या मॅचला गोल मारला की पब्लिक डोक्यावर घेतं आणि दोन मॅच कोरड्या गेल्या की, "कुठनं आणलाय रं ह्याला!" वोल्फ्सबुर्गवर हसायचा आपल्याला तसा काही अधिकार नाही.

2025 पासून हा 17 वर्षांखालील वर्ल्ड कप दरवर्षी होतोय, तोही 48 संघांचा. म्हणजे आता दरवर्षी सर्वाधिक गोलांचा नवा गोल्डन बूट, नवी रील. आफ्रिकेतलं पोरगं त्यात चमकलं की मी आधी बघणार, त्याला कुणी घेतलं, आणि त्या क्लबात त्याच्या जागेवर आधीच कोण बसलंय.