डोळे कोरडे ठेवण्याची कला

नोव्हेंबर अर्धा सरला की ब्रिटनमधली दुकानं माणसांना रडवायला घेतात. वर्षभर ही मंडळी चादरी, किटल्या आणि गोठवलेले वाटाणे विकत असतात. नाताळ जवळ आला की मात्र त्यांना एकाएकी एकटे म्हातारे, हिरमुसलेली पोरं आणि चुकलेमाकले प्राणी दिसू लागतात. जॉन लुइस या मोठ्या दुकानसाखळीची जाहिरात कधी येणार याची वर्तमानपत्रांत चर्चा होते आणि आल्यावर गेल्या वर्षीपेक्षा कमी रडवलं म्हणून तक्रारीही होतात. तुम्हीसुद्धा ती बघताच. रात्री, इअरफोन लावून, घरातले झोपल्यावर. मग नाक ओढता, आणि एका दुकानदाराने आपल्याला रडवलं म्हणून मनातल्या मनात ओशाळता.

ओशाळायलाच हवं. ज्या गोष्टीच्या शेवटी दुकानाचं नाव येतं तिच्यावर शिकल्यासवरल्या माणसाने रडू नये. तेव्हा काही उपाय सांगतो. नेमाने पाळलेत तर जानेवारी उजाडेपर्यंत डोळ्यांतून टिपूस निघणार नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आवाज बंद करा. अर्धी जाहिरात तिथेच गारद होते. यातल्या संगीताची कृती ठरलेली आहे. सगळ्यांना पाठ असलेलं जुनं गाणं घ्यायचं, त्याची लय निम्म्यावर आणायची, ड्रम आणि गिटार हाकलून एकटा पियानो ठेवायचा आणि कोवळ्या आवाजाच्या गायिकेला माइकच्या इतक्या जवळ उभं करायचं की तिचा श्वास ऐकू यावा. २०१२ साली जॉन लुइससाठी गॅब्रिएल ॲप्लिनने असं एक गाणं गायलं आणि ते ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. २०१३ साली लिली ॲलनने गायलं, तेही पहिलं. म्हणजे लोक जाहिरातीचं पार्श्वसंगीत पदरचे पैसे मोडून विकत घेत होते. आवाज बंद ठेवलात तर या पापात तुमचा वाटा राहणार नाही. पडद्यावर एक बर्फाचा माणूस आपल्या बर्फाच्या बायकोसाठी हातमोजे आणायला मुक्याने डोंगरदऱ्या तुडवताना दिसेल, तेवढं सोसायचं.

आवाज बंद करूनही भागलं नाही, तर वस्तू शोधा. जाहिरात आहे म्हणजे विकायला काहीतरी असणारच; ते दिसलं की गळ्यातला आवंढा खाली उतरतो. पण इथे गडी हुशार आहेत. २०११ सालची जॉन लुइसची जाहिरात घ्या. दीड मिनिटाची आहे. एक लहान मुलगा नाताळची वाट बघतोय. घड्याळाकडे टक लावतो, बोटं आपटतो, जादूगाराचा वेश करून घड्याळाचे काटे पुढे पळवायचा प्रयत्न करतो. आदल्या रात्री ताटातलं भराभर गिळून अंथरुणात शिरतो. आपण ओळखतो, पोरगं भेटवस्तूंसाठी हपापलंय. सकाळ होते. पलंगाच्या पायथ्याशी त्याच्या नावाच्या भेटींचा ढीग लागलेला असतो. तो त्याच्याकडे बघतही नाही. कपाटातून एक डबा काढतो. कागद वेडावाकडा गुंडाळलेला, चिकटपट्टी भसाभसा लावलेली, लहान मुलाने गुंडाळलाय हे लांबूनही कळावं असा. तो दोन्ही हातांनी धरून तो आईबापांच्या खोलीत जातो आणि उभा राहतो. एवढा वेळ त्याला घ्यायची नव्हे, द्यायची घाई झालेली होती.

इथे कच खाऊ नका. ताबडतोब विचारा, डब्यात आहे काय? केवढ्याला पडलं? पावती ठेवली आहे का? मापात नाही बसलं तर बदलून देतात का? उत्तर मिळणार नाही, कारण डबा शेवटपर्यंत उघडतच नाही. भेटवस्तू विकणाऱ्या दुकानाने भेटवस्तूच दाखवलेली नाही. शिवाय एक अडचण आहे. त्या पोराला हावरट ठरवलं होतं ते आपण. दुकानाने तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं. त्याची घाई तर खरीच असते. कुणासाठी काहीतरी लपवून ठेवलंय आणि आता दम धरवत नाही, ही अवस्था ज्याने भोगली आहे त्याला ती ओळखू येणार. पण ओळखू आली तरी कबूल करायचं नाही. खाली दुकानाचं नाव आहे ना, मग वरचं सगळं खोटं, एवढं घोकत राहा.

हिशेब मांडणं हाही चांगला उपाय. २०१४ साली जॉन लुइसने एक मुलगा आणि त्याचा पेंग्विन दाखवला. पेंग्विनला जोडीदार हवी असते, नाताळच्या सकाळी ती मिळते, आणि मग कळतं की पेंग्विन म्हणजे मुलाचं खेळणं होतं. या मोहिमेवर सुमारे ७० लाख पौंड खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आता पेंग्विन खेळणं निघालं म्हणजे ते दुकानातही असणारच. होतंच. ९५ पौंडांना. हातोहात संपलं आणि मग ई-बेवर चढ्या भावाने फिरू लागलं. या एका जाहिरातीपुरता माझा उपाय रामबाण आहे. मुलाचं आणि त्याच्या खेळण्याचं गुपित दीड-दोन मिनिटं इतक्या मायेने राखायचं आणि मग त्याच गुपिताला किमतीची चिठ्ठी लावायची, हे जरा जास्तच झालं.

मात्र हा हिशेब सगळीकडे चालवू नका, तोंडघशी पडाल. २०१९ साली वेल्समधल्या रायाडर नावाच्या छोट्या गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाने १०० पौंडांत जाहिरात केली. मालकांच्या घरातलाच दोन वर्षांचा मुलगा सकाळी उठतो, दात घासतो, दुकान उघडतो, झाडलोट करतो, गिऱ्हाईक बघतो. शेवटी नाताळचं झाड उचलतो तेव्हा त्याच्या जागी मोठा माणूस दिसतो. जगभर लाखोंनी ती बघितली. २०२३ साली उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या चार्लीज बारने ७०० पौंडांत केली. एक म्हातारा थडग्यावर फुलं ठेवतो, रस्त्यात भेटेल त्याला टोपी काढून नमस्कार करतो, कुणी लक्ष देत नाही. तो बारमध्ये येऊन एकटाच बसतो आणि कुणाचं तरी कुत्रं त्याच्यापाशी येऊन उभं राहतं. या दोन्हींवर लोक ढसाढसा रडले. आता ७० लाखांचं रडू खोटं आणि १०० पौंडांचं खरं असं म्हणायचं झालं, तर मधे कुठेतरी एक रक्कम असली पाहिजे जिथे खऱ्याचं खोटं होतं. ती ठरवून घ्या आणि रडण्याआधी जाहिरातीचा खर्च विचारत चला.

आता सगळ्यात अवघड प्रकरण. नोव्हेंबर २०१४ मध्ये सेन्सबरीज या किराणा साखळीने पहिल्या महायुद्धातला नाताळ दाखवला. २४ डिसेंबर १९१४ च्या रात्री पश्चिम आघाडीवर बऱ्याच ठिकाणी जर्मन खंदकांतून नाताळची गाणी ऐकू आली, काठावर मेणबत्त्या लावलेली छोटी झाडं दिसली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे शिपाई मधल्या मोकळ्या जागेत आले. तंबाखू आणि गणवेशाची बटणं अदलाबदल केली, फोटो काढले, मधे पडलेली प्रेतं पुरली, काही ठिकाणी चेंडूही लाथाडला. मग परत आपापल्या खंदकात गेले आणि युद्ध आणखी जवळपास चार वर्षं चाललं. पुढच्या नाताळला असं काही होऊ नये म्हणून वरून सक्त हुकूम आले होते. जाहिरातीत हे जवळजवळ चार मिनिटं चालतं. इंग्रज शिपाई जर्मन शिपायाच्या कोटात गुपचूप चॉकलेट ठेवतो. जर्मन शिपाई खंदकात परततो, तोफा सुरू होतात, हात खिशात जातो आणि त्याला ते सापडतं. ते चॉकलेट सेन्सबरीजमध्ये १ पौंडाला मिळत होतं. त्यातले ५० पेन्स माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजनला जात होते, आणि जाहिरातही त्या संस्थेला सोबत घेऊनच केली होती.

जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे शेकडो तक्रारी गेल्या. मेलेल्या पोरांच्या जिवावर किराणा विकता का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मला तरी गुळगुळीत उत्तर सापडत नाही. जाहिरातीतला चिखल जरा स्वच्छच आहे, प्रेतं तर नाहीतच. पण तो खिशात जाणारा हात आला की काय करायचं? ज्यांचे पणजोबा खरोखर त्या खंदकांत होते अशी माणसंही ती बघून रडली असणार. त्यांना शांतपणे समजावून सांगा की तुम्ही चुकीच्या ठिकाणी रडलात. योग्य ठिकाण संग्रहालय, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, सोमवारी बंद.

इथवर टिकलात तर पुढची पायरी: सोवळं पूर्ण पाळा. नाताळात धंद्याचा हात लागलेलं काही म्हणजे काहीच डोळ्यांसमोर येऊ द्यायचं नाही. सांताच्या गाडीचा लाल नाकाचा तो रुडॉल्फ हरीण आधी हाकला. १९३९ साली शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड या दुकानाने गिऱ्हाइकांना फुकट वाटायला पुस्तिका काढली, तिच्यासाठी दुकानातल्याच जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे यांनी त्याला जन्माला घातलं. पहिल्याच वर्षी सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. पोरं पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यावर जीव टाकतात तो मुळात दुकानाचा नोकर. सांताबाबांनाही नारळ द्या. लाल झगा त्यांच्या अंगावर आधीपासून होता, पण गुबगुबीत गालांचा आजोबा आज डोळ्यांसमोर येतो तो बराचसा हॅडन सनडब्लॉम यांनी १९३१ पासून कोका-कोलासाठी रंगवलेला. शुभेच्छापत्रं बाद, लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी छापून घेतलं ते पहिलं कार्डच एका शिलिंगला विकायला ठेवलं होतं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेली डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’, ती भुतांची आणि कंजूष म्हाताऱ्याची गोष्ट? चालू कादंबरीचा खप पडलेला, घरात पाचव्या मुलाची चाहूल, डोक्यावर देणी. पैसे हवे होते म्हणूनही लिहिली. ५ शिलिंग किंमत, ६००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत फस्त. बांधणी आणि रंगीत चित्रं इतकी महाग पडली की हातात अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं, हा भाग वेगळा. पण धंदा बुडाला म्हणून हेतू शुद्ध ठरत नाही. ती गोष्टही कपाटात वर ठेवा.

शुद्ध हेतूची जाहिरात हवी असेल तर तीही झाली होती. २०१८ साली ब्रिटनमधल्या आइसलँड नावाच्या सुपरमार्केटने पाम तेलापायी जंगल गमावलेल्या ओरांगउटानवर ग्रीनपीसची छोटी फिल्म नाताळची जाहिरात म्हणून लावायचं ठरवलं. टीव्हीवर तिला परवानगी मिळाली नाही. राजकीय जाहिराती तिथल्या कायद्याने टीव्हीवर चालत नाहीत आणि ग्रीनपीसशी नातं असल्यामुळे ही त्यात बसली. चॉकलेट विकायचं असतं तर निघून गेली असती.

तरीही एखादी जाहिरात आरपार जातेच. तिच्यासाठी नीट बघण्याचा उपाय आहे, आणि हा मात्र मी गंभीरपणे सांगतोय. २०१५ साली जॉन लुइसने चंद्रावरचा म्हातारा दाखवला. एक मुलगी दुर्बिणीतून त्याला बघते, तो तिथे पार एकटा. ती फुग्यांना बांधून त्याला भेट पाठवते. तो कागद सोडतो तर आत दुर्बीण. तो ती डोळ्याला लावतो आणि त्याला ती मुलगी हात हलवताना दिसते. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एज यूके या संस्थेसाठी ही मोहीम होती, त्यातून लोकांचं लक्ष गेलं, मदतही गेली. सगळं मान्य. फक्त एक बघा: म्हाताऱ्याला पार्सल मिळालं, त्याला भेटायला कुणी गेलं नाही. खोटं असतं ते इथे. रडू खरंच येतं. त्याच्यावरचा उतारा म्हणून जे पुढे सरकवतात ते पार्सल तेवढं तपासायचं.

त्याच वर्षी एडेका या जर्मन किराणा साखळीचा म्हातारा तर त्याहून बेरकी निघाला. दर नाताळला पोरांचे फोन येतात, यंदा जमत नाही म्हणून. मग एके दिवशी पोरांना बातमी कळते की बाप गेला. सगळी काळे कपडे घालून, डोळे पुसत घरी येतात, तर जेवणाचं टेबल मांडलेलं आणि आतून बाप येतो. नाहीतर तुम्हा सगळ्यांना एकत्र कसं आणणार होतो, असं विचारतो. याच्यावर मात्र माझ्याकडे कुठलाही उपाय नाही. आवाज बंद केला तरी बाप दिसतोच.

आणि आता त्या लोकांविषयी, ज्यांच्यामुळे हा सगळा खटाटोप वाया जातो. हे लोक जाहिरात लावतात, आवाज मोठा ठेवतात, पोटभर रडतात, पुन्हा एकदा बघून पुन्हा रडतात, दिग्दर्शकाने काय झकास काम केलंय म्हणून कौतुक करतात, बापाला फोन करून तासभर बोलतात आणि दुकानातून काडीचंही घेत नाहीत. लाखो पौंडांचं काम फुकट लाटून नामानिराळे! जॉन लुइस ही तिथल्या कर्मचाऱ्यांच्याच मालकीची कंपनी आहे, नफ्यातून त्यांना वर्षानुवर्षं बोनस मिळत असे. २०२१ साली तो मिळाला नाही; १९५३ नंतर पहिल्यांदाच. कंपनीने कोरोनाकडे बोट दाखवलं, माझा संशय या फुकट रडणाऱ्यांवर आहे. तुम्ही त्यातले असाल तर यंदा निदान एक टोस्टर तरी घ्या.