गुरुवारची सुट्टी

भोसरीच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी पगार किती ते विचारलं, कायम कधी करणार ते विचारलं, कँटीन आहे का तेही विचारलं. सुट्टी कुठल्या वारी, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे सगळे मास्तर. सुट्टी रविवारीच असते अशी घराण्याची श्रद्धा.

साल १९९१. पहिल्याच आठवड्यात कळलं की पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर त्या दिवशी वीज पडून राहणार आणि उरलेले सहा दिवस पुरणार नाही, म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिलेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. ज्या कुणा साहेबाने हे ठरवलं तो हुशार खराच, पण त्याला स्वतःला नक्की रविवारची सुट्टी असणार.

कारण गुरुवार हा सुट्टीचा वारच नव्हे. एक म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे मटण शिजत नाही. दत्ताचा वार. रविवारी घरात रस्सा उकळायचा तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये दुधी खात असायचो. दुसरं, कारखाने बंद म्हणून विजेच्या दुरुस्तीची कामं नेमकी गुरुवारी निघतात. आणि पुण्यात पाण्याची कामंही गुरुवारीच काढायची पद्धत आहे. म्हणजे वीज नाही, पाणी नाही, मटण नाही, आणि मी घरी! मार्गशीर्षात तर घरही नाही. हॉलमध्ये घट मांडलेला, पोथी चाललेली, संध्याकाळी हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत दार लावून, वाटाणे सोलत.

सासरेबुवा स्थळ बघायला आले ते अचानक, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. सरकारी खात्यातला माणूस, रजा टाकून चौकशीला आलेला. मी बनियनवर गॅलरीत सायकलची चेन पुसत होतो.

"कंपनी बंद पडली का हो?"

"नाही, आज सुट्टी आहे."

"कसली?"

"गुरुवारची."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग काळजीने म्हणाले, "उपास कडक असतो का तुमचा?" पुढे लग्न झालं, पण गल्लीतल्या पानवाल्याकडे त्यांनी माझ्या नोकरीची खात्री करून घेतली होती, हे मला पानवाल्यानेच सांगितलं.

नातेवाइकांना मात्र माझा गुरुवार फार आवडला. गुरुवारी बँक उघडी असते, आरटीओ चालू असतं, रेशनिंगचं ऑफिस, तलाठी, पोस्ट, सगळं. "तुला गुरुवारी सुट्टी असते ना, मग जरा..." या 'जरा'मध्ये मी मामांचा सातबारा आणला, मेव्हण्याचं लायसन्स काढलं, चुलत आत्याचं गॅस कनेक्शन नावावर करून दिलं. शनिवार-रविवार सुट्टीवाले भाऊबंद लग्नं, मुंजी, सहली करत होते. मी त्यांच्या झेरॉक्स साक्षांकित करून आणत होतो.

नोकरी होती स्टोअरमध्ये. बिन कार्डवर पेन्सिलीने आवक-जावक मांडायची, इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीवर, सही असल्याशिवाय नटसुद्धा द्यायचा नाही. गेटचा नियम तर मीच लिहून टांगला होता: आत येणाऱ्या खासगी वस्तूची नोंद हवी, नोंद नसेल तर ती वस्तू कंपनीची. एका प्लँट हेडची छत्री या नियमाखाली अख्खा पावसाळा अडकली. साहेब भिजत आले, पण बदली नाही केली. स्टोअरकीपरची बदली कुणी करत नाही, कारण मग माल सापडत नाही.

खुर्ची तीच राहिली, पाट्या बदलत गेल्या. मी स्टोअर क्लार्क होतो, मग मटेरियल्समध्ये गेलो, मग सप्लाय चेनमध्ये, सगळं जागचं न हलता. आयएसओ आलं तेव्हा क्वालिटी पॉलिसी पाठ करायला लावली. ऑडिटर दारात दिसला की फोर्कलिफ्टवाला रामरक्षेच्या चालीत सुरू व्हायचा. १९९९ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून आम्हाला थांबवून घेतलं. काही झालं नाही. पावभाजी मात्र चांगली होती. वीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने सत्कार करून सुटकेस दिली. इशारा माझ्या लक्षात आला नाही.

५८ पूर्ण झाली आणि २०२४ मध्ये निघालो. जाताना एचआरच्या मुलीने लॅपटॉपवर फॉर्म भरून घेतला. वयाने माझ्या बिन कार्डांपेक्षा लहान.

"सर, कंपनी सोडण्याचं कारण?"

"वय."

"ते यात नाहीये. 'बेटर अपॉर्च्युनिटी' टाकू?"

"टाका."

"आणि काय केलं असतं तर तुम्ही थांबला असता?" विचारून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. "सॉरी काका, स्टार आहे, भरावंच लागतं."

ग्रॅच्युइटीचा हिशोब अकाउंट्सवाल्याने समजावून सांगितला. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. म्हटलं, महिना ३० दिवसांचा, २६ कुठून आले? तर म्हणे साप्ताहिक सुट्ट्या वजा. म्हणजे माझे गुरुवार तिथेही धरायचे नाहीत! (एवढी वर्षं भोगले ते कुणी?) पीएफच्या पेन्शनचं तर बोलायलाच नको. पगार कितीही असो, पेन्शनसाठी आधी ६,५०० आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० च्या वर धरतच नाहीत. आकडा चार हजारांच्या आसपास बसला. बायको म्हणाली, "आठवड्याला?"

आता रविवारी मटण असतं. गुरुवारी वीज जाते, तीही सवयीची. कंपनीतून फोन येतात, गुरुवार सोडून रोज. परवा माझ्या जागी आलेल्या पोराचा आला.

"काका, जुन्या प्रेसचं ऑइल सील सिस्टिममध्ये दोन नग दाखवतंय. रॅकवर नाहीत."

"मागच्या रॅकला, खालून दुसरा कप्पा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात."

थोडी खडखड ऐकू आली. "मिळाले! काका, तुम्ही ग्रेट आहात."

"असू दे. तो डबा तेवढा रिकामा करून बसच्या ड्रायव्हरकडे दे. माझ्या घरचा आहे, हिने वीस वेळा विचारलाय."

पलीकडे पोरगं गप्प. मग अदबीने म्हणालं, "काका, आत आल्याची नोंद आहे का?"